आधी परतीची वाट ठरव

शाळेत जिवंत काहीही आणायचं असेल, तर ते परत कुठे जाणार हे आणायच्या आधी ठरव. सुरवंट आणलास तर तो कोणत्या झाडावरचा, गांडूळ आणलंस तर ते कुठल्या वाफ्यातलं, हे वहीत लिहून ठेव. सोडायला जाशील तेव्हा सगळा वर्ग बरोबर हवा. पोरांना आणण्याचा उत्साह फार असतो, परत नेऊन सोडायचं मात्र कुणाच्या डोक्यात नसतं. मग बरणी खिडकीत उन्हात राहते आणि शनिवार-रविवारनंतर उघडावीशी वाटत नाही. ज्याच्या परतीची वाट ठरवता येत नाही ते आणूच नये. तिथे वर्ग घेऊन जावं.

तू शिक्षणसेवक म्हणून रुजू होते आहेस ती कोकणात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तीही जूनमध्ये. मावशी म्हणून सांगते, यापेक्षा चांगली नेमणूक विज्ञानाच्या शिक्षकाला मिळत नाही. प्रयोगशाळेत काय आहे आणि काय नाही याची यादी करत बसू नकोस. पहिल्या पावसाबरोबर निम्मा अभ्यासक्रम शाळेच्या पडवीत आपण होऊन चालत येतो.

सुरुवात कढीपत्त्यापासून कर. शाळेत नसेल तर शेजारच्या परसात असेलच. कोवळ्या पानांवर बघ, मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा, गोल मणी एकटाच चिकटलेला दिसेल. ते लिंबावरच्या फुलपाखराचं अंडं. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके आणि मागच्या पंखांवर लाल टिकली असलेलं ते फुलपाखरू तू हजारदा पाहिलं आहेस. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात. हा हिशोब महत्त्वाचा, कारण आपल्याकडे गणपतीची सुट्टी लागते आणि शाळेला कुलूप पडतं. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंडं शोध, म्हणजे सुट्टीच्या आत सगळं पार पडतं. ऑगस्टच्या मध्यावर कुणी नवीन सुरवंट घेऊन आलं तर कौतुक कर, नीट बघ आणि त्याच झाडावर परत ठेवायला लाव.

बरणीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडायची जुनी पद्धत सोड. आत वाफ धरते आणि पानांना बुरशी येते. रुंद तोंडाची बरणी किंवा जुना खोका घे, तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांध. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत उभी कर, पण बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद कर. सुरवंट देठावरून खाली उतरतो आणि पाण्यात बुडून मरतो. बाजारातला कढीपत्ता चुकूनही घालू नकोस. त्यावर औषध मारलेलं असतं, आपण धुऊन खातो म्हणून आपल्याला कळत नाही, सुरवंटाला पहिल्या दिवशीच कळतं.

आता मुलांना काय सांगायचं? काहीच नाही. लहानपणी हा सुरवंट काळपट तपकिरी असतो आणि अंगावर पांढरा पट्टा, अगदी पाखराच्या शिटेसारखा. कुणीतरी ‘बाई, घाण पडली आहे’ म्हणेलच. म्हणू दे. ‘खरंच घाण आहे का, उद्या बघू’ एवढंच म्हण. दुसऱ्या दिवशी घाण सरकलेली असते. पक्ष्याला ती घाण वाटावी म्हणूनच तो तसा दिसतो, हे त्यांच्याच तोंडून यायला हवं, आणि येतं. चार वेळा कात टाकून तो शेवटच्या टप्प्यात हिरवागार होतो. त्याला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. हे एकदा दाखव, सगळ्यांना एकाच वेळी. नंतर प्रत्येकाला स्वतःच्या बोटाने बघायचं असतं, तिथे आवर घाल. चाळीस पोरांनी डिवचलेला सुरवंट खाणं सोडतो.

लेंड्या मोजायला लाव. हसतील, पण मोजतील. रोज सकाळी खाली पांढरा कागद ठेवायचा आणि दुसऱ्या सकाळी लेंड्यांची संख्या आणि आकार लिहायचा. खाल्लेली पानं किती हे सांगायला अवघड, लेंड्या मोजायला सोप्या. आलेख काढायचं गणिताचं काम इथेच होऊन जातं. शेवटी एके दिवशी पातळ लेंडी पडते आणि सुरवंट बरणीभर सैरावैरा फिरू लागतो. पोरं घाबरून सांगायला येतील की तो आजारी पडला. आजारी नाही, कोषाची जागा शोधतो आहे. एक-दोन सुक्या काटक्या तिरक्या उभ्या करून ठेव आणि बरणी हलवू नकोस. शेपटीकडे रेशमाची गादी आणि कमरेला रेशमाचा धागा बांधून तो टेकतो. कोष हिरवा होतो की तपकिरी, हे भोवतालच्या रंगावर आणि जागेवर अवलंबून असतं. दोन बरण्या असतील तर एकीत हिरवी डहाळी आणि दुसरीत सुकी काटकी ठेवून बघ. निकाल दरवेळी पाठ्यपुस्तकासारखा येणार नाही. आला तसा लिहू दे.

साधारण आठ-दहा दिवसांनी कोष काळसर पारदर्शक होतो, आतली पंखांची नक्षी दिसायला लागते. त्या दिवशी मुलांना दुसऱ्या दिवशी लवकर यायला सांग, फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर येतं. पंख चुरगळलेले आणि ओले असतात, ते लटकून वाळायला जागा हवी, नाहीतर कायमचे वाकडे राहतात. आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच सांगून ठेव, की बाहेर आल्यावर ते लालसर पाणी टाकतं. ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे. न सांगितल्यास पहिल्या बाकावरची दोन तरी मुलं रडतात.

कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखी बारीक माशी निघाली तर? निघते, बऱ्याचदा निघते. त्या माशीने आपली अंडी याच सुरवंटाच्या अंगात घातलेली असतात, आतल्या अळ्या त्याला खाऊन वाढतात. बरणी गुपचूप बाहेर नेऊन टाकू नकोस. मुलांना वाईट वाटेल, वाटू दे. मग विचार, ‘सगळ्याच अंड्यांची फुलपाखरं झाली तर कढीपत्त्याचं काय होईल?’ अन्नसाखळीचा जो धडा तू फळ्यावर बाण काढून शिकवणार होतीस, तो तिथे उभ्या उभ्या होतो. मेलेल्या सुरवंटाचंही तसंच. ‘झोपला आहे’ असं सांगू नकोस, चौथीतल्या मुलाला ते पटत नाही आणि मग तुझं दुसरं काहीच पटत नाही.

ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. त्याच्याही अळ्या लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढतात. गावात पपनसाचं झाड असेल तर तिथे शोधायला लाव. सापडलं तर शाळेचं नाव होईल, नाही सापडलं तरी पपनसाखाली एक दुपार चांगली जाते.

केसाळ सुरवंट मात्र हाताने धरू द्यायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. केस टोचून अंगाला खाज आणि चट्टे येतात. कुणी धरलाच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवायचं. रुईवरचे काळे-पिवळे-पांढरे पट्टेवाले सुरवंट केसाळ नसतात, पण रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. मारुतीला रुईची माळ करणाऱ्या घरातल्या पोरांना हे तुझ्याआधी माहीत असेल.

पावसात वाणी निघतात, त्यांना पैसाही म्हणतात, हात लावला की गुंडाळी करतात. गोम आणि वाणी यांतला फरक शिकवायला यांच्यासारखं साधन नाही, फक्त गोम हातात घ्यायची नाही, ती चावते. वाणी चावत नाही, पण त्रास दिला तर अंगातून रस सोडतो, त्याचा पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो हात डोळ्याला लागला तर चुरचुरतं. म्हणून फोटोच्या चौकटीची जुनी काच घे, कडांना चिकटपट्टी लाव, वाणी काचेवर ठेव आणि पोरांना खालून बघू दे. पायांच्या लाटा मागून पुढे जाताना दिसतात. बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात, गोमेला एकेकच. मोजण्याची पैज लागते. मोजणी प्रत्येकाची वेगळी येणार, त्यावरून भांडण होणार, मग कुणीतरी म्हणेल की एका वलयाचे मोजून गुणाकार करू. तेवढं होईपर्यंत तू गप्प बस.

दगड उलटायचे तेव्हा नियम पक्का. फुरसं आणि लाल विंचू आपल्याच भागातले. दगड हाताने नाही, काठीने, आणि आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते आणि आत जे असेल ते आपल्यापासून लांब पळतं. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, कारण तो कुणाचं तरी छप्पर आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू खूप खाली आणले. दगडाशी उभी असताना ही गोष्ट मुलांना सांग, पुस्तकात शोधायला लावू नकोस.

बेडूक वर्गात आणायचा नाही, वर्ग डबक्याकडे न्यायचा. भातखाचराच्या कडेचं एक डबकं ठरव आणि दर आठवड्याला त्याच वारी जा. काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा दिसल्या तर त्या भेकाच्या. पाण्यात एक काठी रोवून तिच्यावर खुणा कर, पाण्याची उंचीही लिहायची. डबकं आटायच्या आत पाय फुटले पाहिजेत, ही शर्यत मुलांना जिवाला लागते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात दोन-तीन भैरे घ्यायचे, बघायचे आणि त्याच डबक्यात सोडायचे. एका डबक्यातलं दुसऱ्यात नको, रोगही तसेच पसरतात. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे, आणि शेपूट गळून पडत नाही, ती अंगातच जिरते. त्या दिवसांत भैरा काही खात नाही, शेपटीवरच जगतो. त्याला टेकायला दगड किंवा काठ हवा, नाहीतर फुप्फुसं आलेला बेडूक पाण्यात गुदमरतो. घरी बादलीत भैरे पाळणाऱ्या पोरांना हे नक्की सांग.

ज्यांच्या पायाला जखम आहे त्यांनी डबक्यात उतरायचं नाही, काठावरून नोंदी घ्यायच्या. लेप्टो कसा होतो हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी तू सांग.

पहिल्या मुसळधार पावसात बैलबेडूक पिवळेधमक होतात, घशाशी निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. ते लांबूनच बघायचं. कुणी म्हणेल ‘आमच्याकडे खातात’. रागावू नकोस. भारताने 1987 साली बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली ती का, हे विचार. भातावरचे किडे कोण खातं, हे त्यांच्या आजोबांना माहीत असतं, त्यांच्याकडून लिहून आणायला सांग. आम्ही कॉलेजात बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकून फाडायचो. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती चिरफाड बंद केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बेडकाचं हृदय आम्ही पाहिलं होतं, पण तो जिभेने माशी कशी धरतो हे त्या टेबलावर कुणीच पाहिलं नव्हतं.

गांडुळासाठी फार खटाटोप नको. ओल्या हाताने घ्यायचं, उन्हात नाही, आणि मीठ टाकून बघणारा एक जण प्रत्येक वर्गात असतो, त्याच्यावर लक्ष ठेव. कोरड्या कागदावर ठेवून कान जवळ न्यायला सांग, खरखर ऐकू येते. ते त्याच्या अंगावरचे बारीक राठ केस, त्यांच्यावरच ते सरकतं. डार्विनने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, 1881 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी. त्याने गांडुळांपुढे बसून वाद्यं वाजवून घेतली, त्यांना काही फरक पडला नाही. मग कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला, तशी ती झटकन बिळात गेली. ऐकू येत नाही, पण थरथर कळते. तुझ्याकडे पियानो कुठला, पण प्रार्थनेचा तबला असेल. कुंडी बाकावर ठेवून त्याच बाकावर तबला वाजवायचा, मग तबला हातात धरून तेवढ्याच जोरात वाजवायचा. काय होतं ते बघून लिहायचं.

काचेच्या बरणीत माती-वाळूचे थर देऊन गांडूळ ते कसे कालवतं हे दाखवायचं असेल, तर ग्रामपंचायतीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं आणू नकोस. ती वरच्या कुजक्या थरातच राहतात, थर जसेच्या तसे राहतील आणि तुझा प्रयोग फसला असं सगळ्यांना वाटेल. बागेतली, मातीत खोल जाणारी घे. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळ.

डासाच्या अळ्यांची बरणी ठेवायची ती घट्ट कापडाने बांधूनच. अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. पाठ केलेल्या घोषणेचा अर्थ मुलांना या बरणीतून कळतो. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या अळ्या मलेरियाच्या डासाच्या, डोकं खाली करून तिरक्या लटकणाऱ्या इतरांच्या. अळ्यांचे कोष झाले की पाणी कोरड्या जमिनीवर ओत. परतीची वाट ठरवायची म्हटलं, त्याला हा एकटाच अपवाद. गप्पी मासे दाखवायचे तर टाकीत किंवा हौदात, ओढ्यात सोडायचे नाहीत, तिथले आपले मासे त्यांच्यामुळे मागे पडतात.

पालीचा गृहपाठ दे. रात्री ट्यूबलाइटखाली पाव तास बसायचं आणि पालीने किती किडे धरले, किती चुकले, ते लिहायचं. शेपूट तोडून दाखवायची नाही. तुटली तर नवी येते, पण तिच्यात हाडांचे मणके नसतात. पाल चुकचुकली की काही वाईट होतं म्हणणारी आजी घरोघरी असते. तिच्याशी वाद नको. महिनाभर चुकचुकण्याची वेळ आणि नंतर काय झालं हे दोन रकाने भरायला सांग, आजीलाही त्यात मजा येते.

कायद्याचं थोडक्यात. रानपोपट, तारा कासव, साप, यांतलं काही पाळणं किंवा शाळेत दाखवायला आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याने, 1972 च्या, गुन्हा आहे. नागपंचमीला कुणी सर्पमित्र ‘मुलांना जिवंत नाग दाखवतो’ म्हणून आला तर चहा देऊन परत पाठव. साप शिकवायला कात पुरते. कुठे पडलेली दिसली तर तिथेच नीट बघू दे, डोळ्यांवरचा पारदर्शक खवलाही कातीबरोबर उतरलेला असतो. साप डोळे का मिटत नाही याचं उत्तर तेच. कुत्र्याची पिल्लं आणि माकडं वर्गात नकोत, एक ओरखडा पुरतो आणि मग इंजेक्शनांसाठी धावाधाव. मोठी आफ्रिकन गोगलगाय उघड्या हाताने धरू द्यायची नाही, तिच्यात मेंदूपर्यंत जाणारा जंत असू शकतो.

हे सगळे तास खिचडीच्या आधी लावू नकोस. लावलेसच तर हात साबणाने धुतल्याशिवाय कुणाला ताट नाही. हा नियम तुलाही.

कोंबडीचा तास मला स्वतःला सगळ्यात आवडायचा. कुणाच्या तरी घरी कोंबडी खुडूक बसलेली असते, ते मुलांकडून आपोआप कळतं. त्या घरी जायचं, अंडी शाळेत आणायची नाहीत. आधी त्या घरातल्या आजीला विचार, मुलाच्या वडिलांना विचारून उपयोग नाही, कोंबड्या आजीच्या असतात. एकवीस दिवसांचा हिशोब भिंतीवर खडूने लिहून ठेवायचा. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडं धरायचं आणि खालून मोबाइलची बॅटरी लावायची. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मध्ये ठिपका हलतो. ज्यात काहीच दिसत नाही त्यात काही घडलेलंच नाही. गावठी अंड्याचं कवच तपकिरी असतं, जरा अवघड जातं, खोली पुरती अंधारी हवी. एका अंड्याला मिनिटाच्या वर नको. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा, तेव्हा आत बराचसा अंधार असतो. अठराव्यानंतर हात लावायचा नाही. दुकानातली पांढरी अंडी कोंबडीखाली ठेवून बघू, असं कुणी सुचवेल. ठेवू दे दोन, पेन्सिलीने खूण करून. त्यांतून पिल्लू का येत नाही, हा प्रश्न पाचवीतली मुलं विचारतात तेव्हा अर्धं गाव ऐकत असतं, म्हणून उत्तर आधीच ठरवून जा. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, एवढं पुरतं. आजी पुढचं सांभाळून घेते.

आणि अंडी उचलताना आजीलाच हात घालू दे. खुडूक कोंबडी टोचते, आणि चांगलीच टोचते.